वळणावरची पांढरी टोपी

डॉक्टर धम्मानंद गोंडाणे यांचा दवाखाना जरीपटका वस्तीतल्या एका गल्लीत, किराणा दुकानाच्या माडीवर. आठवडाभर ते लोकांचे दात काढत, दाढा भरत, म्हाताऱ्यांच्या कवळ्या बसवत. रविवार उजाडला की मात्र कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला अडकवून जुन्या मोटारींच्या मागे निघत.

हे वेड त्यांना कॉलेजात लागलं. कस्तुरचंद पार्कवर जुन्या गाड्या मांडल्या होत्या आणि मित्राच्या कॅमेऱ्यात थोडं रीळ उरलं होतं. धम्मानंदने एका काळ्याभोर गाडीचा मडगार्ड जवळून टिपला. फोटो धुऊन आला तेव्हा त्या मडगार्डच्या चकाकीत अख्खं मैदान वाकून बसलेलं दिसलं. आभाळ, माणसं, झाडं, आणि मधोमध कॅमेरा धरलेला बोटभर धम्मानंद. त्यानंतर लग्न झालं, दवाखाना झाला, मुलगी शिकायला पुण्याला गेली, कॅमेरे बदलले. वेड तेवढंच राहिलं. शहरात कोणाच्या शेडमध्ये कुठली गाडी ताडपत्रीखाली झोपली आहे हे त्यांना ठाऊक असे. बायको, माया, ज्युनिअर कॉलेजात शिकवायची. ती म्हणे, "ह्यांना माणसाचं नाव आठवत नाही, गाडीचा नंबर विचारा."

उभी गाडी टिपणं वेगळं आणि धावती टिपणं वेगळं. धावत्या गाडीबरोबर कॅमेराही त्याच गतीने फिरवत न्यावा लागतो. जमलं, तर गाडी ठसठशीत येते आणि मागचं सगळं जग रेघारेघांचं होऊन जातं. हात जरा चुकला की हाती नुसता धूर. धम्मानंदना ते जमलं होतं, आणि ते करायला जागाही मिळाली होती. नरखेडकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, कपाशीच्या शेतांमध्ये, युद्धाच्या काळातली एक धावपट्टी पडून होती. साठ-सत्तर साली तिथे मोटारींच्या शर्यती होत. मग सगळं बंद पडलं, पट्टीच्या भेगांतून गवत आलं. काही वर्षांपूर्वी शहरातल्या जुन्या गाड्यांच्या क्लबने गवत काढलं, परवानगी आणली आणि दर हिवाळ्यात एक दिवस शर्यत पुन्हा भरवायला सुरुवात केली. एका वेळी एकच गाडी धावायची. सरळ पट्टीवरून सुसाट जायचं, टोकाला मांडलेल्या ड्रमांशी उजवीकडे वळायचं आणि पलीकडच्या अरुंद रस्त्याने परत यायचं. ड्रमांच्या पुढे मुरूम, मुरुमापुढे बांध, बांधापुढे कपाशी.

धम्मानंद त्या वळणाच्या तोंडाशी, ड्रमांच्या जरा मागे उभे राहत. ऊन फार, म्हणून डोक्याला क्रिकेटच्या अंपायरची असते तशी रुंद कडांची पांढरी टोपी.

तिथे धावणाऱ्यांत भैय्याजी लांजेवार सगळ्यांत वयस्कर. कळमन्याला त्यांची संत्र्याची अडत होती, आता मुलगा बघे. त्यांची गाडी लाल, उघडी, दोन माणसांची. एका विलायती गाडीचा सांगाडा घेऊन सदरमधल्या कुण्या मेकॅनिकने त्यावर पत्र्याची बॉडी ठोकून बसवली होती. भैय्याजी तरुणपणी याच पट्टीवर, याच गाडीत धावले होते. त्यांची कवळी धम्मानंदनेच बनवलेली. शर्यतीआधी ते कवळी काढून स्टीलच्या डबीत ठेवत आणि डबी आपल्या मेकॅनिककडे, जितेंद्रकडे देत. "गाडी हादरते," ते म्हणत, "दात गिळले तर डॉक्टरले पुन्हा काम."

दोन हिवाळ्यांपूर्वी धम्मानंदने टिपलेला एक फोटो फार गाजला. लाल गाडी वळणात तिरपी झालेली, मागची चाकं घसरत असलेली, मुरूम हवेत उडालेला, आणि चालवणारा म्हातारा बोळक्या तोंडाने हसतो आहे. क्लबने त्याचं मोठं पोस्टर केलं. लोकांनी मोबाईलवर इकडून तिकडे पाठवला. त्यानंतर भैय्याजींचा वेग वाढला. ज्या वयात माणसं पायऱ्या मोजून उतरतात त्या वयात ते दर सरावाला आधीपेक्षा उशिरा ब्रेक दाबू लागले. क्लबची मंडळी टाळ्या वाजवत. धम्मानंदही खूश होते, कारण फोटो एकाहून एक सरस येत होते.

फक्त एक गोष्ट त्यांच्या मनाला टोचे. सरावाच्या दिवशी भैय्याजी आधी त्यांना शोधत यायचे.

"डॉक्टर, कुठं उभा राहशीन गा?"

"तिथंच, भैय्याजी. ड्रमांच्या मागं."

"हो. तिथंच राह्य. हलू नको."

"काहून?"

"फोटो चांगला येते तिथून," असं म्हणून ते निघून जात. बोलताना त्यांचा हात धम्मानंदच्या खांद्यावर असे, आणि तो हात काढताना ते खांदा जरा चाचपत, अंधारात भिंत चाचपावी तसा. तेव्हा धम्मानंदना ते म्हाताऱ्याचं प्रेम वाटलं.

दिवाळीच्या आधी एक सराव झाला. ऊन कडकडीत होतं. पट्टीचा करडा रंग आणि सुकलेल्या गवताचा रंग एकमेकांत मिसळून गेले होते. भैय्याजी दुसऱ्यांदा यायला निघाले तेव्हा धम्मानंदना तहान लागली, म्हणून ते ड्रमाच्या सावलीत खाली बसले आणि टोपी मांडीवर ठेवून बाटली तोंडाला लावली. इंजिनाचा आवाज जवळ आला. आला आणि उतरलाच नाही. त्यांनी मान वर केली तेव्हा लाल गाडी ड्रमाला घासून मुरुमात गेली होती. एक चाक बांधाला लागता लागता राहिलं. धूळ बसली तेव्हा भैय्याजी गाडीतच बसून होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

धम्मानंद धावत गेले. "लागलं काय?"

भैय्याजींचा चेहरा रागाने काळा पडला होता. "तू खाली काहून बसला?"

"तहान लागली होती, भैय्याजी."

"मी सांगतलं होतं ना तुले. हलू नको म्हणून."

इतकंच. परत जाताना त्यांनी धम्मानंदकडे वळूनही पाहिलं नाही.

त्या रात्री घरी धम्मानंदने त्या हंगामाचे सगळे फोटो संगणकावर उघडले आणि भैय्याजींचा चेहरा मोठा करकरून पाहिला. एकेक फोटो पाहता पाहता त्यांच्या लक्षात आलं. गाडी वळणात आहे, रस्ता उजवीकडे चालला आहे, आणि म्हाताऱ्याचे डोळे रस्त्यावर नाहीत. प्रत्येक फोटोत ते सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे धम्मानंदकडे लागलेले. हसतानाही. घसरतानाही.

अश्विन नावाचा एक फोटोग्राफर वळणाच्या आतल्या बाजूला उभा राही. त्याच्याकडून त्यांनी त्याचे फोटो मागवले. बाकीचे सगळे चालक पुढच्या रस्त्याकडे बघत होते. एकटे भैय्याजी मान ताठ करून चौकटीच्या बाहेर, जिथे धम्मानंद उभे असत तिकडे बघत होते.

माया मागे येऊन उभी राहिली होती. तीही पडद्याकडे बघत होती.

"असं माझ्याकडे कोणी बघितलं," ती म्हणाली, "तर मी तिथं पुन्हा उभी नसते राहिली."

"फोटोसाठी करून राहिले ते. पोस्टर झाल्यापासून."

"मग तुम्ही फोटो काढू नका ना."

ते वाक्य धम्मानंदच्या मनात घर करून बसलं. दवाखान्यात कोणाच्या उघड्या तोंडावर दिवा धरला की त्यांना ते बोळकं हसू दिसायचं. आपला कॅमेरा नसता तर म्हातारा इतक्या जोरात आला असता का? आपण उभे आहोत म्हणून तो ब्रेक दाबत नाही. एखाद्या दिवशी दाबायचा राहील, आणि तो फोटो आपल्याच कॅमेऱ्यात असेल. महिनाभर विचार करून त्यांनी ठरवलं, यंदाच्या शर्यतीत वळणावर जायचंच नाही. सुरुवातीच्या रेषेजवळ मांडवात बसायचं, उभ्या गाड्या टिपायच्या. भैय्याजींना आधी सांगितलं तर ते ऐकणार नाहीत, म्हणून सांगायचंही नाही.

शर्यतीचा दिवस जानेवारीतला. सकाळी धुकं होतं, मग एकदम लख्ख ऊन पडलं. आजूबाजूच्या गावांतली माणसं मोटरसायकलींवर आली होती, चहाच्या गाड्या लागल्या होत्या. भैय्याजी दोनदा मांडवाकडे येऊन गेल्याचं कोणीतरी सांगितलं. दोन्ही वेळा धम्मानंद कुठल्या ना कुठल्या गाडीच्या आड होते. मुद्दाम होते, हे त्यांचं त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या वेळी त्यांनी पाहिलं, की भैय्याजी मांडवाच्या खांबाला खांदा आपटून थबकले, खांबाला हात लावला आणि मग वळसा घालून गेले. खांब भगव्या कापडाने गुंडाळलेला, चांगला जाडजूड होता.

प्रत्येक गाडीने आधी क्लबच्या जीपमागून एक फेरी हळू घ्यायची, इंजिन तापवायला. मग जीप बाजूला होई आणि त्याच दमात खरी फेरी सुरू. भैय्याजींचा नंबर आला. जितेंद्रने डबी घेतली, हँडल मारलं, गाडी धडधडू लागली. जीप पुढे, लाल गाडी मागे, अशी दोन्ही पट्टीवरून लांब जाऊन लहान लहान होत गेली. धम्मानंदने टोपी काढून खुर्चीवर ठेवली आणि घाम पुसला. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तसं वाटत नव्हतं.

तेवढ्यात भैय्याजींची सून, अश्लेषा, पार्किंगमधून लगबगीने आली. तिने धम्मानंदना पाहिलं आणि ती जागीच थांबली.

"डॉक्टर, तुम्ही इथे कसे?"

"काहून? बसलो आज इथं."

"बाबा गेले काय?"

"जीपच्या मागं आहेत. पहिली फेरी."

तिचा चेहरा उतरला. ती एकेक शब्द चाचपत बोलली. "परवा मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डोळ्यांतल्या दाबाने कडेची नजर पूर्ण गेली आहे म्हणाले, समोरचंही पुसट आहे. वर्षभरापासून. त्यांनी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, मग गाडी कशी चालवता? तर म्हणाले, वळणावर डॉक्टर उभा असते, त्याची पांढरी टोपी तेवढी दिसते. टोपी दिसली की ब्रेक, टोपीच्या उजवीकडे वळण. मी म्हटलं आज जाऊ नका. ऐकलं नाही. म्हटलं निदान तुम्ही तिथे आहात..."

पुढचं धम्मानंदने ऐकलं नाही. म्हातारा कॅमेऱ्याकडे बघतच नव्हता. पोस्टर, हसू, फोटो, कशाचाच संबंध नव्हता. ते वर्षभर तिथे खांबासारखे उभे होते आणि तो खांब त्यांनी आज स्वतःच्या हाताने उपटला होता.

रेषेवर झेंडा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला त्यांनी गाठलं. "थांबवा त्यांना. दिसत नाही त्यांना."

"इथं आले की लाल झेंडा दाखवतो," तो गोंधळून म्हणाला.

झेंडा रेषेच्या बाजूला असतो. कडेचं दिसत नाही त्याला झेंडा कसा दिसणार? जितेंद्रची मोटरसायकल शेजारीच उभी होती. धम्मानंदने किल्ली मागितली आणि ते कडेच्या बैलगाडीच्या वाटेने सुटले. वाट खड्ड्यांची होती, कॅमेरा छातीवर आपटत होता. अर्ध्यात पोचले तेव्हा मागे जीप बाजूला झाल्याचा गलका ऐकू आला, आणि मग तो आवाज. लाल गाडीचं इंजिन आधी गुरगुरलं, मग चढत गेलं, आणखी चढत गेलं.

वळणाशी पोचून त्यांनी मोटरसायकल तशीच आडवी टाकली आणि आपल्या जागेवर धावले. तेव्हा डोक्याला हात गेला. टोपी खुर्चीवर राहिली होती. अंगात सदरा होता मातकट रंगाचा, गवतासारखाच. त्यांनी कॅमेरा खाली फेकला, बटणं न सोडता सदरा डोक्यावरून ओढून काढला आणि पांढऱ्या बनियनवर, दोन्ही हात वर करून उभे राहिले.

गाडी सरळ येत होती. लाल ठिपका मोठा होत होता आणि आवाज जराही उतरत नव्हता. ब्रेक दाबायची जागा आली आणि गेली. पलीकडे अश्विन काहीतरी ओरडत होता. धम्मानंदना म्हाताऱ्याचा चेहरा दिसला. तो हसत नव्हता. शांत होता, दुपारी ओसरीवर बसलेल्या माणसासारखा. मग ते डोळे एकदम त्यांच्यावर येऊन थांबले, चेहरा विस्कटला, आणि इंजिनाचा आवाज तुटला.

गाडी वळली, पण उशिरा. मागची बाजू फिरली, दोन ड्रम उडाले. धम्मानंदच्या बाजूने, हात लांब केला असता तर लागली असती इतक्या जवळून, ती मुरुमात गेली, बांधावर चढली आणि कपाशीत कलंडली. एक चाक बराच वेळ नुसतं फिरत राहिलं.

भैय्याजी वाचले. गळ्याचं हाड आणि दोन बरगड्या मोडल्या. इस्पितळात क्लबची मंडळी हार घेऊन आली. दातांच्या डॉक्टरने जीव वाचवला असं सगळे म्हणत होते. अश्विनने तो क्षण टिपला होता: बनियनवर हात पसरून उभा माणूस आणि अंगावर येणारी गाडी. धम्मानंदने तो फोटो बघितला नाही.

काही दिवसांनी ते भैय्याजींना घरी भेटायला गेले. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. बराच वेळ हवापाण्याचं बोलून झालं. मग धम्मानंद म्हणाले, "भैय्याजी, मले माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी हललो नसतो."

"माहीत असतं तर तू मले गाडीत बसू दिलं असतं?"

धम्मानंदने खुर्ची जरा मागे सरकवली.

"झेंडा मले खरंच नाही दिसला," भैय्याजी छताकडे बघत म्हणाले. "पण टोपी नव्हती ते दिसलं. जीपच्या मागं गेलो तेव्हाच दिसलं. वळणावर कोणी नाही."

"मग थांबले काहून नाही?"

"थांबता आलं असतं."

पंखा फिरत होता. खाली रस्त्यावर कोणी रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

"डोळे येत्या वर्षात पूर्ण जाणार, असं सांगतलं डोळ्याच्या डॉक्टरनं," भैय्याजी म्हणाले. "घरात बसून राह्यचं. कोणी हात धरला तर संडासले जायचं. त्या दिवशी पट्टीवर मी मनात म्हटलं, बरं झालं आज डॉक्टर नाही आला. पट्टी सरळ होती, गाडी चांगली ओढून राहिली होती. मग तू तिथं कुठून उगवला कोण जाणे. पायानं आपोआप ब्रेक दाबला." त्यांनी मान धम्मानंदकडे वळवली, पण नजर जरा बाजूलाच पडली. "हे अश्लेषाले सांगू नको. गाडी दुरुस्त करून राहिला जितेंद्र. पुढच्या हिवाळ्यात फक्त एकदा. तू उभा राह्य, नाहीतर नको राहू."

धम्मानंद उठले. घरी आल्यावर त्यांनी मायाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांनी तुमच्यावर विश्वास टाकून सांगितलं."

"म्हणूनच तर."

"मग अश्लेषाला सांगाल?"

"सांगितलं नाही तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत मी झोपणार नाही."

दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद ठेवून ते कळमन्याला गेले आणि भैय्याजींच्या मुलाला व अश्लेषाला अडतीच्या मागच्या खोलीत नेऊन जसं ऐकलं तसं सांगितलं. मुलगा पोतं धरून उभा होता तो तसाच उभा राहिला. अश्लेषा रडली नाही. तिने फक्त विचारलं, "आज घरी त्यांच्याजवळ कोण आहे?" आणि लगेच फोन लावला.

त्याच आठवड्यात जितेंद्रने लाल गाडीचं इंजिन उतरवून आपल्या गॅरेजात नेलं. भैय्याजींसाठी दिवसभराचा एक माणूस ठेवला. मुलगा संध्याकाळी अडत लवकर मिटून घरी बसू लागला. भैय्याजींना सगळं समजलं. कोणी सांगितलं हेही समजलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. शेडमध्ये जाऊन गाडीच्या पुढच्या रिकाम्या खोबणीत हात घालून ते तासभर उभे होते, असं जितेंद्रने नंतर सांगितलं.

उन्हाळ्यात धम्मानंद पुन्हा भेटायला गेले. अश्लेषाने दार उघडलं, आत जाऊन आली आणि मान खाली घालून म्हणाली, "बाबा झोपले आहेत." आतून रेडिओ ऐकू येत होता, आणि कोणीतरी त्याचा आवाज वाढवला. पुढच्या खेपेलाही ते झोपलेलेच होते. कवळी सैल झाली तेव्हा भैय्याजींनी ती सदरमधल्या दुसऱ्या डॉक्टरकडून करून घेतली.

पुढच्या हिवाळ्यात शर्यत भरली. क्लबने वळणाच्या आधी, ब्रेक कुठे दाबायचा ते दाखवणाऱ्या उंच फळ्या रोवल्या आणि चालकांचे डोळे तपासल्याशिवाय कोणाला सोडलं नाही. धम्मानंद गेले. त्यांनी बांधाच्या मागे, कपाशीत, लांब पल्ल्याच्या लेन्सने फोटो काढले. अश्विनने हाक मारली, "डॉक्टर, पुढं या ना. जागा रिकामी आहे."

"इथंच ठीक आहे," ते म्हणाले.

एक निळी गाडी जोरात आली, वेळेवर वळली आणि निघून गेली. धम्मानंदने कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो उघडला, चालकाचा चेहरा मोठा केला आणि त्याचे डोळे कुठे आहेत ते पाहिलं. मग दुसऱ्या गाडीचा आवाज यायला लागला, आणि त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला.